मामा उभा असेल तिथे

माझा मामा घरं विकायचा. स्वतःची नाही, लोकांची. एकतीस वर्षं त्याने दलाली केली आणि त्या एकतीस वर्षांत आपण एकदाही खोटं बोललो नाही, असं तो छाती पुढे काढून सांगतो. ते खरंही आहे. मामा खोटं बोलत नसे, तो फक्त उभा राहायचा.

ही उभं राहण्याची विद्या मी लहानपणापासून पाहत आले. गिऱ्हाईक येण्याआधी मामा एकटाच सगळ्या खोल्यांतून फिरून यायचा. कुठे ओल आलीय, कुठली फरशी डुगडुगते, कुठल्या भिंतीला तडा गेलाय, हे एका फेरीत त्याला कळायचं. मग गिऱ्हाईक आत आलं की मामा बरोबर त्या जागी, हात पाठीमागे बांधून, हसतमुख उभा. अंग मुळात भरपूर, त्यात बारा महिने तो चॉकलेटी कोट. चांगली दोन हात रुंदीची ओल मामाच्या पाठीमागे सहज मावायची. स्वतः भिंतीला टेकून तो समोरच्या खिडकीकडे बोट करायचा आणि म्हणायचा, "वारा बघा कसा येतोय." गिऱ्हाईक बिचारं वारा बघत बसायचं.

"माणसाला डोळे दोन, आणि दोन्ही एकाच बाजूला," तो मला समजवायचा. "आपला धंदा चालतो तो त्याच्या पाठीवर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

पुढे मीही मामाच्याच ऑफिसात घरांचे फोटो काढायला लागले, आणि एके दिवशी तिथल्या मालकीणबाईंनी एक ड्रोन आणला. ओंजळीत मावेल एवढा, पंख्यांना गोल कडी लावलेला, म्हणजे भिंतीला घासला तरी भिंत आणि पंखे दोघंही शाबूत. त्याच्या अंगातच वर एक आणि खाली एक असे दोन फुगीर कॅमेरे होते. दोघांनी मिळून वर-खाली, मागे-पुढे, सगळं एकाच वेळी टिपायचं. मग गिऱ्हाइकाने ऑफिसात फिरत्या खुर्चीवर बसायचं, डोळ्यांवर व्हिडिओ दाखवणारा मोठा चष्मा बांधायचा आणि मान वळवेल तिकडचं घर बघायचं. जिने चढायला नको, की मामाही नको. हे शेवटचं कोणी बोललं नाही, पण मामाला ते सगळ्यांत आधी ऐकू आलं.

त्याने ड्रोन हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. "याचं तोंड कुठे?"

"सगळीकडे तोंडच आहे, मामा."

"आणि पाठ?"

"पाठ नाहीये."

मामाने तो पुन्हा एकदा उलटा करून पाहिला. मग ड्रोन टेबलावर ठेवत म्हणाला, "बिनपाठीचं गिऱ्हाईक मी अजून पाहिलं नाही."

पहिलं घर चार खोल्यांचं होतं. चित्रात कोणी दिसू नये म्हणून उडवणाऱ्यानेही लपायचं असतं. मी न्हाणीघरात बादलीवर बसून मोबाइलकडे बघत ड्रोन चालवत होते. मामाला मी बाहेर जिन्यात उभं केलं होतं. पण आपल्या माघारी कोणी घर बघतंय, हे मामाला सोसणार कसं? तो हळूच आत आला. पाठ नाही म्हटलं तरी त्याच्या मनाला ते पटलेलं नव्हतं. माझं सगळं लक्ष दारांच्या चौकटी चुकवण्यात, त्यामुळे मला पत्ताच नाही.

व्हिडिओ आम्ही न तपासता पहिल्या गिऱ्हाइकाला दाखवला. ते होते गणिताचे निवृत्त मास्तर. चष्मा बांधून ते खुर्चीत गोल फिरू लागले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "हे गृहस्थ घरासोबत मिळतात का?"

मी दुसरा चष्मा चढवला. हॉलमध्ये खिडकीखाली मामा. झोपायच्या खोलीत कपाटाशेजारी मामा. स्वयंपाकघरात मोरीपाशी मामा, चेहऱ्यावर तेच हसू. शेवटच्या खोलीत एकाच फरशीवर दोन्ही पाय जुळवून उभा असलेला मामा. सगळ्यांत वाईट म्हणजे, ड्रोन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना खुर्ची मागे वळवली, की कोटाची टोकं हातात धरून, चवड्यांवर पळत पुढची खोली गाठणारा मामाही दिसत होता.

मास्तरांनी चष्मा काढला. एक कागद मागून घेतला, त्यावर चार फुल्या मारल्या आणि घर बघायला निघाले. मामाची पाचावर धारण बसली. तासाभराने मास्तर परत आले. खिडकीखाली ओल, कपाटाशेजारी तडा, मोरीला गळती आणि एक सुटलेली फरशी, असा सगळा हिशोब त्यांना लागला होता. आता हे तक्रार करणार म्हणून मालकीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"इतका प्रामाणिक व्हिडिओ मी पाहिला नाही," मास्तर म्हणाले. "प्रत्येक दोषापाशी तुम्ही खांब रोवलाय. ही चार कामं करून घेतो. घर मला पसंत आहे."

त्या दिवसापासून मामाचं नाव खांबमामा पडलं. मालकीणबाई हुशार, त्यांनी हुकूमच काढला की यापुढे मामांशिवाय एकही व्हिडिओ काढायचा नाही. लोक ऑफिसात येऊन विचारू लागले, "तीन खांबांपर्यंतचं काही आहे का?" घर विकणारे मामाला दारातच गाठायचे. "मामा, उन्हातून आलात, जरा बसूनच राहा ना." एकाने तर त्याच्यासाठी आरामखुर्ची आणून ठेवली होती. मामा मात्र मनातून खचला. सगळं आयुष्य ज्याने दोष झाकले, त्याचं अंग आता दोष दाखवायची पाटी झालं होतं. अर्थात रस्त्यात कोणी "नमस्कार, खांबमामा" म्हटलं की कोट सारखा करायचा, तेही मी पाहिलंय.

एवढं सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. मामाला स्वतःचं घर विकायचं होतं.

म्हणजे मामीला विकायचं होतं. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, पायऱ्या अठ्ठावन्न, त्यांतल्या काहींचे कोपरे तुटलेले. मामीचे गुडघे आधी कुरकुरायला लागले, मग त्यांनी संपच पुकारला. आठ महिने ती खाली उतरली नव्हती. दोन गल्ल्या पलीकडे एक घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा आपलं तळमजल्यावरचं घर सोडून मुलीकडे राहायला निघाले होते. त्यांनी मामीला शब्द दिला होता, की महिनाअखेरपर्यंत थांबतो, त्यानंतर दुसऱ्याला देतो. म्हणजे तोवर हे घर विकलं जायला हवं होतं, नाहीतर मामीने पुन्हा बाल्कनीतल्या खुर्चीत बसून दिवस काढायचे होते.

व्हिडिओ काढायला मी गेले, तर मामा म्हणाला, "इथे मी उभा राहणार नाही."

"अरे, पण लोकांना सवय झालीय."

"उभं राहावं असं माझ्या घरात आहेच काय? एकतीस वर्षं राहतोय मी इथे."

मामीने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यांच्या घरातला केसाएवढा तडा ज्याला दारातून दिसायचा, त्याला आपल्या स्वयंपाकघराची बंद न होणारी खिडकी दिसत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेवटी मी आणि मामा दोघंही न्हाणीघरात दाटीवाटीने बसलो आणि व्हिडिओ काढला. रिकामं, नीटनेटकं, बिनखांबी घर.

दोन आठवडे कोणी फिरकलं नाही. जो चष्मा बांधायचा तो खुर्चीत तीन-तीन गिरक्या घ्यायचा आणि विचारायचा, "मामा कुठे आहेत?" एका बाईंनी तर सरळ सांगितलं, "दलालाचंच घर आणि दलालच गायब? यात काहीतरी मोठं लपवलंय." मालकीणबाई मामाला म्हणाल्या, "मामा, एकदा उभे राहा, कुठेही." मामा हटून बसला. लोकांना पारख नाही, एवढंच त्याचं पालुपद.

मला मामाचा राग यायला लागला होता. त्याला घर विकायचंच नाहीये, हे माझ्या लक्षात आलं होतं. संध्याकाळी मामी बाल्कनीतल्या खुर्चीत आणि हा शेजारी कठड्याला टेकून, हातात चहा. "इथून सगळं दिसतं," असं तो रोज म्हणायचा.

महिना संपायला आठ दिवस होते. मी अशीच भेटायला गेले होते, बॅगेत ड्रोन आणि चष्मा होते. मामी म्हणाली, "तुझं ते पाखरू खाली गल्लीत जाईल का गं?" परवानगी लागते का, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ड्रोन बाल्कनीतून सोडला, माणसाच्या उंचीवर आणला आणि गल्लीच्या टोकापर्यंत सावकाश फिरवून परत आणला. मग मामीच्या डोळ्यांवर चष्मा बांधला.

आधी ती नुसतीच बसली. मग मान डावीकडे वळवली. "इस्त्रीवाल्याने दार हिरवं केलंय." उजवीकडे वळवली. "अगंबाई, शिंपीणबाईंचे केस किती पिकले." ती मागे वळून वळून बघत होती, कोणी ओळखीचं राहून तर गेलं नाही ना, म्हणून. पिठाच्या गिरणीपाशी उंच उंबरठ्यासारखा कट्टा आहे. तिथे आल्यावर मामीने खुर्चीत बसल्या बसल्या डावा पाय उचलला आणि मग जपून खाली ठेवला. "वरून नुसती लोकांची डोकी दिसतात," ती म्हणाली, "तोंडं आज दिसली."

मामा स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभा होता. मामीच्या डोळ्यांवर चष्मा, त्यामुळे तो तिला दिसत नव्हता. मला दिसत होता. त्याने दोन्ही कप खाली ठेवले आणि आत गेला. त्याच्याबद्दल इतके दिवस वाटणारा राग माझ्या मनातून तिथल्या तिथे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "ये, पुन्हा काढू." मी पोचले तेव्हा तो कोट घालून तयार होता. म्हणाला, "आता सांग, उभा कुठे राहू?" हे त्याने मला नाही, मामीला विचारलं.

मामी याच दिवसाची वाट बघत असावी. ती बसल्या जागेवरून हुकूम सोडू लागली. "खिडकीपाशी. ती लागत नाही." "लागते की, जरा उचलून लावली तर." "अहो, एकतीस वर्षं मी उचलतेय. उभे राहा." मग नळ, मग बिजागरी सुटलेलं कपाट, मग छताचा एक कोपरा, जिथे वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पहाटे तुतारी वाजवायला बसतात. तिथे छताकडे बोट करून उभं राहायचं ठरलं. आणखी तीन बारीकसारीक जागा धरून मोजून सात खांब. मी न्हाणीघरात जाऊन बसले आणि या वेळी मामा पळाला नाही, ड्रोनसोबत शांतपणे एकेका जागेवर चालत गेला.

ऑफिसात तपासायला बसले तर खांब आठ निघाले. सात झाल्यावर ड्रोन बाल्कनीत गेला होता, आणि तिथे, कोणी न सांगता, मामा कठड्याला टेकून उभा होता. कॅमेऱ्याकडे पाठ करून. पाठ नसलेल्या गिऱ्हाइकाला त्याने शेवटी आपली पाठ दाखवली होती.

आठ खांबांचं घर आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तिसऱ्याच दिवशी एक बाई आल्या, शहरातली बस चालवणाऱ्या, सोबत नवरा. "दिवसभर बसून असते, जिने चढलेले बरे," म्हणत अठ्ठावन्न पायऱ्या एका दमात चढून आल्या. सोबत खांबांची यादी. खिडकी उचलून लावून पाहिली, नळ सोडला, तुतारी किती वाजता असते ते विचारलं. "माझी पहिली बस पाचची आहे, तोवर मी गेलेली असते," म्हणाल्या. मग बाल्कनीत आल्या. कठडा हलवून पाहिला, फरशीवर टाच आपटली, वर छत बघितलं, खाली वाकून बघितलं. काही सापडेना.

"मामा, इथे काय आहे?"

 मामा वाऱ्याबद्दलसुद्धा काही बोलला नाही. शेवटी खुर्चीतून मामीच म्हणाली, "इथे काही खराब नाही हो. इथे फक्त हे आहेत. एवढे तुम्हाला हलवून घ्यावे लागतील."

बाई मामाकडे बघत राहिल्या. मामाने कठड्यावरून हात काढला, कोट सारखा केला आणि दोन पावलं बाजूला सरकला. "हललो," म्हणाला.

घर गेलं. घड्याळवाल्या आजोबांनी शब्द पाळला, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी सामान आधी पाठवून आम्ही मामीला खाली न्यायला निघालो. मी मागून तिला धरलं होतं. मामा पुढे. तो चार पायऱ्या उतरायचा, मध्येच एका पायरीच्या कोपऱ्यावर थांबायचा, हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभा, चेहऱ्यावर तेच जुनं हसू. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. पायरी तिथे तुटलेली होती. मामी त्याच्या खांद्यावर हात टाकायची आणि चांगल्या बाजूने पाय खाली ठेवायची. मग तो पुढच्या तुटक्या पायरीवर. त्या जिन्यात एकूण अकरा तुटक्या पायऱ्या आहेत, आणि मामाला त्या सगळ्या न बघता माहीत होत्या.

शेवटच्या पायरीवर मामी जरा थांबली. समोर गल्ली होती, इस्त्रीवाल्याचं हिरवं दार होतं. मामा अजून त्या पायरीच्या तुटक्या कोपऱ्यावरच उभा.

"कळलं हो, इथे तुटलंय," मामी म्हणाली. "आता सरका. मला पलीकडचं दिसू द्या."