हलकी होत गेलेली बाटली

काटेमास्तरांची मोठी बहीण घर लाटायला भावाला विष घालते, ही बातमी आळीत नळाच्या पाण्याआधी पोचली. विष नव्हतं, औषध होतं. मात्र चोरून घालत होती, एवढं खरं. म्हणजे आळीची चूक निम्मीच.

मास्तर दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचे. सराफाच्या काट्यात गुंजेचा फरक पडला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. भिंतीतली माणसंही त्यांना बरीच वर्षं ऐकू येत. दोन औषधं आली नि गेली, भिंत बोलतच राहिली. तिसरं जरा पावलं. त्यासाठी सारखं रक्त तपासावं लागे, पण आवाज निम्म्यावर आले. उरलेल्या निम्म्यासाठी डॉक्टरीणबाईंनी जोडीला आणखी एक गोळी लिहून दिली.

"एका आजाराला दोन औषधं?" मास्तरांनी डोळे बारीक केले. "म्हणजे पहिल्यात नक्की खोट आहे."

गोळी त्यांनी तोंडात घातली नाही. बाटली मात्र रोज काट्यावर ठेवली. झाकण उघडून गोळ्या मोजल्या असत्या तरी भागलं असतं. पण डोळे फसवतात, काटा नाही, हा मास्तरांचा खाक्या. बाटली रोज एका गोळीनं हलकी भरू लागली. उंदरांना झाकण फिरवता येत नाही. ताईला येतं. तीन आठवड्यांनी खात्री पटली, तेव्हा त्यांनी संध्याकाळचं दूध हुंगून बाजूला सारलं आणि आकड्यांचा कागद खिशात घालून ताईला दवाखान्यात नेलं.

"हे मी नाही म्हणत, काटा म्हणतोय," त्यांनी कागद पुढे केला.

ताई खाली बघत म्हणाली, "दुधातून देत होते. दुसरं काय करू? ऐकतो का हा?"

"संशय खरा निघाला तुमचा," डॉक्टरीणबाई मास्तरांना म्हणाल्या. "ताई, असं पुन्हा करायचं नाही. आता मास्तर, तुम्ही सांगा, या तीन आठवड्यांत आवाज?"

मास्तरांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. खोटं माप त्यांच्यानं सांगवेना. "एकटाच उरलाय. तोही कुजबुजतो."

"ही जोडी प्रत्येकाला लागू पडतेच असं नाही. तीन महिने उघड घेऊन बघू. फरक टिकला नाही, तर दुसरी बंद करू."

मास्तरांनी मान डोलावली. जिना उतरताना ताईनं विचारलं, "आता तरी ठेवशील ना माझ्यावर विश्वास?"

"गोळीवर ठेवीन," मास्तर म्हणाले. "तुझ्यावर ठेवायचा, तर बाटली आणि दुधाचं पातेलं, दोन्ही माझ्या खोलीत."