सोपं करून सांगणारे सर

"सोपं करून सांगतो," म्हणत सरांनी खुर्ची पुढे ओढली, की माझ्या छापखान्यातलं गिऱ्हाईक चपला शोधायला लागायचं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा विद्वान असेल. आमचे सर निवृत्त प्राध्यापक. हिब्रू येणारा माणूस सोलापुरात शोधून सापडायचा नाही, आणि सापडला तो नेमका माझ्या वाट्याला. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या गोष्टीवर ते सामान्य वाचकांसाठी सुटसुटीत पुस्तक लिहीत होते. पहिल्या प्रुफात ते सुटसुटीत होतंही. मग सोप्या वाक्याला तळटीप आली, तळटीप अवघड वाटली म्हणून तिचा खुलासा आला, आणि पुस्तक उशाला घेण्याइतकं जाड झालं. सामान्य वाचक म्हणजे कोण, असं मी एकदा विचारलं. "तुम्हीच की!" म्हणाले. मला उगाच अपराधी वाटलं.

लग्नपत्रिका छापायला आलेल्या वैरागच्या एका पाहुण्याला त्यांनी असंच गाठलं. गोष्ट गद्यात, मधला मित्रांशी वाद काव्यात, म्हणजे लिहिणारे हात निराळे असावेत, हे सगळं ऐकून पाहुणा म्हणाला, "व्हय, पण मुहूर्त तेवढा ठळक टाका."

माझ्याकडे फर्मे, म्हणजे पुस्तकांचे छापलेले मोठे कागद, दुमडायला एक बाई आहेत, चर्चला जाणाऱ्या. त्यांचा तरणा मुलगा काविळीनं गेला. सांत्वनाला आलेल्या शहाण्यांनी निदान केलं, घरात पाप असणार. बाईंनी चर्च सोडलं, जेवण सोडलं; आणलेला डबा तसाच परत जायचा. आपलं कुठलं पाप नडलं, ते आठवत कागद दुमडायच्या.

एका दुपारी त्यांनी सरांनाच विचारलं, "सर, माज्या पापानं गेला का वो माजा पोरगा? पुस्तकात काय लिवलंय?"

मी कपाळाला हात लावला. आता हिब्रू सुरू होणार!

"नाही, बाई," सर उभ्या उभ्याच म्हणाले. "ईयोबाची लेकरं गेली, तेव्हा त्याच्या मित्रांनी त्यालाही हेच ऐकवलं. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावला. तुम्ही खरं बोलला नाहीत, म्हणाला."

"देव म्हनला?"

"देव म्हणाला."

बाई तिथेच बसून रडल्या. त्यांचं रडणं संपेपर्यंत सर शेजारी उभे होते, एक अक्षर न बोलता. मग बाईंनी डबा उघडला.

सर गेल्या उन्हाळ्यात गेले. पुस्तक अर्धंच राहिलं. मला त्यांची फार आठवण येते, त्यांच्या कटकटीची तर जास्तच.

परवा त्यांच्या पत्नी आल्या. "भाऊ, पुस्तकाचं आता काय हो?"

आतल्या खोलीत बाई फर्मे दुमडत होत्या.

"एक आवृत्ती निघाली, वहिनी," मी आत बाईंकडे बघत म्हटलं. "एकच प्रत होती. खपली."