नाकाडोंगरीपलीकडचा अर्ज

तुमसरहून निघालेली एसटी नाकाडोंगरीला थांबली ती थांबलीच. मी पुढच्या गावाचं नाव घेताच कंडक्टर हसला. म्हणाला, "तिकडं गाडी नाही जात. पायी जा लागते." पिशवी पाठीवर टाकून जंगलातून दोन कोस चाललो. मँगनीजचे ट्रक मात्र त्याच रस्त्याने माझ्यावर धूळ उडवत जात होते.

बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) काठी जनाबाईंचं घर लागलं. मी पाणी मागितलं, तर त्यांनी भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढलं. जेवताना मी उगाच शहाणपणा केला. जिल्हा फुटल्यावर तुमचं बरं झालं असेल, म्हणालो.

"गोंदिया निघाला तवा आमालेही वाटलं, जिल्हा लहान झाला, आता सायेब जवळ येईन," त्या म्हणाल्या. "भंडारा होता तेथंच राहिला, बाबू. ट्रकले हा रस्ता चालते, यष्टीले चालत नाही. हा कोणता न्याय होय?"

त्यांची नात वनिता तुमसरला अकरावीत होती. संध्याकाळची गाडी नाकाडोंगरीहूनच मागे फिरे आणि पोर अंधारात चालत घरी येई. पावसाळ्याआधी गाडी गावात आली नाही तर कॉलेज बंद, असं बापाने बजावलं होतं.

या गावाची एक रीत आहे. भंडाऱ्याला निघालेल्याच्या हाती गावाचे कागद द्यायचे, मग तो परका पाहुणा का असेना. मी निघालो तेव्हा वनिताने एसटीसाठीचा अर्ज दिला. खाली साऱ्या गावाच्या सह्या आणि अंगठे होते.

"पोच तेवढी घेजा, काका," ती म्हणाली. "शिक्का नसला तं अर्ज आलाच नाही म्हणतेत."

मी तिला तोऱ्यात माझा पत्ता दिला आणि निर्धास्त राहायला सांगितलं.

भंडाऱ्यात उतरलो तेव्हा कचेरी सुटायला अवकाश होता. वाटेत पितळी भांड्यांची दुकानं. एक तांब्या मनात भरला, घासाघीस लांबली. कचेरीत गेलो तर कुलूप लागत होतं आणि पुढे दोन दिवस सुट्टी. थांबायला हवं होतं. पण घरची ओढ लागली होती. अर्ज चौकीदाराकडे दिला. "सोमवारी देऊन देतो, जा तुम्ही," तो म्हणाला, आणि मला हायसं वाटलं.

घरी आल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला तांब्या दाखवत मी आडगावांवरच्या अन्यायाबद्दल तावातावाने बोलत असे. ऐन पावसाळ्यात वनिताचं कार्ड आलं.

"काका, अर्ज आलाच नाही म्हणतात. गाव पुन्हा सह्या करत आहे. या वेळी मीच घेऊन जाईन. आता मला वेळच वेळ आहे."

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.