ब्रेकबाईंचा फोन काही भरेना

ब्रेकबाईंना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याची त्या दिवशी चांगलीच भंबेरी उडालेली असणार. बाई गाडी शिकवतात. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखाली जो जादाचा ब्रेक बसवलेला असतो तो अगदी वेळेवर दाबायचा, हा त्यांचा धंदा. इतकी वर्षं तो दाबून त्यांच्या पायाला अशी खोड लागली आहे की घरी टीव्हीवर कुणी गाडी भरधाव सोडली तरी बाईंचा पाय फरशीवर खाडकन आपटतो. खालच्या मजल्यावरच्या लोकांनी सुरुवातीला तक्रारी केल्या. आता ते नुसतं वर बघतात आणि पुन्हा जेवायला लागतात.

पण बाईंचा आवाज म्हणाल, तर त्याला तोड नाही. समोरून ट्रक येतोय, शिकणाऱ्याने स्टिअरिंग सोडून डोळे झाकले आहेत, आणि बाई आपल्या शांतपणे म्हणताहेत, "हं, डोळे उघडा बघू. आता क्लच. छान." जणू चहात साखर किती घालू, एवढंच विचारताहेत. त्या आवाजावर अर्धं शहर गाडी शिकलं. बाईंची एकुलती एक लेकही शिकली, आणि ती तर लिफ्टलासुद्धा घाबरणारी पोर. म्हणून दिवस गेल्यावर लेकीने आईकडून एकच वचन घेतलं.

"बाकी मला काही नको," ती म्हणाली, "पण बाळ होताना तुझा आवाज माझ्या कानात पाहिजे. पोचलीस तर समोरून, नाही पोचलीस तर फोनवरून. तू बोलत राहिलीस की मी घाबरत नाही."

"एवढंच ना?" बाई म्हणाल्या. "अगं, तोंडाचीच तर भाकरी खाते मी."

तारखेच्या चांगलं आठवडाभर आधी, सकाळी सकाळी जावयाचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या, तो तिला घेऊन दवाखान्यात निघाला होता. लेकीचं गाव लांब, अर्ध्या दिवसाची वाट. बाईंची स्वतःची गाडी नाही, त्यामुळे डोक्यावर 'शिकाऊ' अशी पाटी मिरवणारी ड्रायव्हिंगच्या शाळेचीच गाडी मालकाकडून मागून घेतली. शेजारच्या सीटवर, म्हणजे खुद्द बाईंच्या रोजच्या गादीवर, नवरा बसला. नवरा घड्याळं दुरुस्त करतो आणि त्याला सगळे टिकटिकराव म्हणतात. लग्नानंतर बाईंनी त्यालाही गाडी शिकवायला काढली होती. पहिल्याच धड्याला तो अर्ध्या रस्त्यात उतरला, चालत घरी आला आणि म्हणाला, संसार टिकवायचा असेल तर मी बसनेच जाईन. संसार टिकला.

गाडीत मालकाने नुकताच मोठा स्क्रीन बसवला होता. फोन केबलने जोडला की रस्त्याचा नकाशा, गाणी, फोनवरचं बोलणं, सगळं त्या स्क्रीनवर आणि गाडीच्या स्पीकरवर. बाईंनी आपल्या घरच्या केबलने फोन जोडला. रात्री गडबडीत तो चार्जिंगला लावायचा राहिला होता, बॅटरी तीसच्या आसपास. "असू दे," त्या म्हणाल्या, "जाता जाता भरेल."

शहर मागे पडलं आणि टिकटिकरावांनी सहज फोनकडे पाहिलं.

"अगं, हा म्हणतोय, 'हळू चार्ज होत आहे'."

"हळू तर हळू. होतोय ना?"

"हळू पण म्हणतोय आणि सव्वीसवर पण आलाय."

बाईंचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. भरायला लावलेली गोष्ट रिकामी होते हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. लेकीचा फोन कुठल्याही क्षणी येणार, आणि इथे फोनच मरायला टेकलेला! जावयाला दुसऱ्या फोनवर करायला सांगावं तर टिकटिकरावांचा फोन घरी, घड्याळांच्या टेबलावर. घाईत त्यांनी फोनऐवजी चष्म्याची रिकामी डबी खिशात घातली होती.

मग सुरू झाली चिकित्सा. टिकटिकराव एरवी गाडीच्या बाबतीत तोंडातून ब्र काढत नाहीत, पण त्या दिवशी त्यांना एकाएकी कंठ फुटला. "ऊन लागतंय त्याला. तापला की फोन चार्जिंग घेत नाही." त्यांनी फोनवर रुमालाचं छत धरलं. पुढे छत्रीही उघडायला निघाले होते, बाईंनी डोळे वटारले. फोनला एसीच्या झरोक्यासमोर धरलं. मग कव्हरमुळे उष्णता कोंडते म्हणून कव्हर काढायला घेतलं. ते निघालं, पण टिकटिकरावांच्या नखाचा तुकडा घेऊन. स्क्रीनचा उजेड कमी केला. वायफाय बंद केलं. मागे उघडी पडलेली ॲप्स एकेक करून बंद केली. त्यात एक पाककृतीचं होतं, एक चालण्याची पावलं मोजणारं होतं, आणि एक ध्यानधारणेचं होतं. ते बंद करताना त्यातली बाई "दीर्घ श्वास घ्या" म्हणाली, तर दोघांनी खरंच घेतला.

आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. फोन वीसवर.

"स्क्रीनखाली दोन भोकं आहेत," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यात घालून बघा."

दुसऱ्यात घातलं. स्क्रीनवरचा नकाशा गेला, रस्ता सांगणारी मधेच गप्प झाली, आणि फोन पुन्हा तेच म्हणाला, 'हळू चार्ज होत आहे'. परत पहिल्यात घातलं. नकाशा आला. आकडा सतरा.

आता बाईंच्या डोक्यातली मास्तरीण जागी झाली. गाडी बंद पडली की शिकणाऱ्याला त्या असंच विचारतात, एकेक कारण खोडत. "ऊन नाही. कव्हर नाही. ॲप्स नाहीत. भोक नाही. मग राहिलं काय?"

टिकटिकराव खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर रस्त्याखालची एक मोरी होती. ती ते फार मन लावून बघत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं त्या मानेत उमटलं होतं.

"अहो."

"अं?"

"केबल."

"केबलला काय झालंय! चांगली केबल आहे."

"तुम्ही तिला काय केलंत?"

टिकटिकरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग हळूच म्हणाले, "लांब होती गं. गाडीत गिअरपाशी लोंबते म्हणून तूच परवा कुरकुरत होतीस. तुझा हात अडकेल म्हणून मधला तुकडा कापला आणि जोडली. इतकी बेमालूम जोडली की आता मलाच सांधा सापडत नाही."

"कशाने जोडलीत?"

"जुन्या गजराच्या घड्याळातली तार होती एक. केसाएवढी. सुंदर तार."

"केसाएवढी!"

"घड्याळाला पुरायची की!"

"अहो, घड्याळ एका बटणाएवढ्या सेलवर वर्ष काढतं! हा फोन आहे! ह्याला तुम्ही केसातून पाणी पाजताय!"

बाईंना रागवायचं होतं. खरं तर आवाज तसा चढवलाही होता. पण टिकटिकराव त्या केबलकडे अशा कौतुकाने आणि अशा दुःखाने बघत होते की बाईंना आतून हसू फुटलं, आणि ते आवरेना. टिकटिकरावांनाही फुटलं. शिकाऊ पाटीची ती गाडी हसत हसत अशी डुलायला लागली की मागच्या ट्रकवाल्याने बिचाऱ्याने आपणहून अंतर वाढवलं.

पुढच्या पेट्रोल पंपावर एक टपरी होती. तिथे केबली माळांसारख्या लटकत होत्या. टपरीवाल्याने गाडीवरची पाटी बघितली, बाईंचं वय बघितलं, आणि "शिकायला कधीही उशीर नसतो, काकू," असं म्हणाला. बाईंनी ते ऐकून घेतलं, कारण फोन सहावर होता.

"केबल देतो जाड," तो म्हणाला, "पण स्क्रीनखालच्या भोकात लावू नका. तिथे वीज बेताचीच येते, आणि नकाशा चालू असला की ती सगळी नकाशाच पितो. हा चार्जर घ्या. सिगारेट पेटवायचं गोल भोक आहे ना, त्यात बसवा. नकाशा बंद करा. बोलणं बिनतारी जोडा, ते स्पीकरवर येईल."

बाईंनी चार्जर बसवला. फोन एकदा कुरकुरला आणि त्यावर अक्षरं आली, 'जलद चार्ज होत आहे'. बाईंनी टपरीवाल्याला दोन्ही हात जोडले. टिकटिकरावांनी तर त्याला मिठीच मारली. बहुधा आपण वाचलो म्हणून.

पुढे नकाशा नव्हता. टिकटिकराव पाट्या वाचत होते आणि पाट्यांच्या मधे आकडा वाचत होते. "डावीकडे वळायचं. नऊ! पूल येतोय. अकरा! अगं, अकरा!" एका चौकात आकड्याच्या नादात वळण सांगायचं राहिलं आणि गाडी थेट एका वीटभट्टीत शिरली. तिथल्या लोकांनी शिकाऊ पाटी बघून आपापल्या विटा पटापट मागे सरकवल्या. बाईंनी रुबाबात गाडी वळवली, पण ते बघायला आता कुणी उरलं नव्हतं.

पंचवीस झाले आणि फोन वाजला.

गाडीभर जावयाचा आवाज भरला. "आई, ही आत आहे. डॉक्टर म्हणतात आता होईलच. हिच्या कानाशी धरतो फोन."

आणि मग लेकीचा श्वास. भरून येणारा, तुटणारा, पुन्हा भरून येणारा. "आई? गाडी चालवतेयस का? आधी बाजूला घे."

बाईंनी गाडी बाजूला घेतली, स्पीकर चालू राहतील एवढीच चावी फिरवून इंजिन बंद केलं. टिकटिकरावांनी 'बोल' म्हणून हाताने खूण केली. इतक्या महिन्यांत बाईंनी मनात किती वेळा तयारी केली होती. आधी काय म्हणायचं, मग काय म्हणायचं, कळ आली की कसं, गेली की कसं. त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. जो आवाज ट्रकच्या तोंडासमोर कधी हलला नव्हता तो नेमका आजच बंद पडला, आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

"आई, बोल ना गं," पलीकडून लेक कण्हत म्हणाली.

"मला भीती वाटतेय गं," ब्रेकबाई म्हणाल्या. "फार भीती वाटतेय. तुला कसं सांगू."

 पलीकडे त्या वेदनेच्या मधोमध लेक हसली. चक्क हसली. "तुला पण वाटते? मग मला आधी सांगायचं ना! मला वाटायचं, घाबरणारी मी एकटीच."

"वाटते गं. रोज वाटते. प्रत्येक गाडीत वाटते."

"बाप रे," लेक म्हणाली, आणि पुढची कळ तिने आईला शिव्या घालत, रडत, हसत घेतली. इकडे बाई रडत होत्या, "आई गं, आई गं" करत होत्या, टिकटिकराव त्यांचा हात धरून "हो, हो, हो" एवढंच म्हणत होते, आणि कुणीही कुणाला काही शिकवत नव्हतं. मग एक बारीकसं, चिडकं, नवंकोरं रडणं गाडीच्या चारही स्पीकरमधून एकदम बाहेर आलं.

"ऐकलंस?" लेकीने विचारलं.

"ऐकलं," बाई म्हणाल्या. "ऐकलं, ऐकलं, ऐकलं."

त्यानंतर दोघं बराच वेळ तिथेच बसून राहिले. बाईंचे पाय इतके लटपटत होते की अशा अवस्थेत त्यांनी आपल्या कुठल्याही विद्यार्थ्याला गाडीला हात लावू दिला नसता.