पिकलेलं तेल

अंथुर्ण्यात आमच्या घरावरून कुणाची बैलगाडी कुरकुरत गेली, की माझे थोरले चुलते तात्या भरल्या ताटावरून उठून रस्त्यावर येत आणि गाडीवानाला अडवून त्याचा उद्धार करत. "गाडी रडती हाय तुझी. कान फुटलं का काय?" एवढ्यावर भागत नसे. त्याच्या बापाने वंगण कसं केलं असतं, आजाने कसं केलं असतं आणि त्यांच्या पोटी हा दिवटा कसा निपजला, हे सगळं त्या बिचाऱ्याला उन्हात उभं राहून ऐकावं लागे. मग तात्या आमचा वंगण भरलेला बांबूचा नळा आणून स्वतःच्या हातांनी त्याची चाकं वंगणून देत. लोकांना यातला शेवटचा भाग आठवतो. तात्या काय दिलदार माणूस, म्हणतात. मी त्यांच्या घरात वाढलो आणि माझ्या वाट्याला फक्त पहिला भाग आला.

माझे वडील लवकर गेले. तात्यांनी मला सांभाळलं, हे मी नाकारत नाही. त्यांनी ते मला कधी विसरूही दिलं नाही. पाहुणे आले की माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "ह्यो आमच्या घरातला खानारा." काकी मध्ये काही बोलल्या, तर त्यांनाही दोन शब्द मिळत. माझ्या ताटात मग काकी गुपचूप भाकरीचा आणखी चतकोर टाकायच्या.

आमचा धंदा गाडीभाड्याचा. इंदापूर भागातला गूळ बैलगाड्यांतून बारामतीच्या स्टेशनावर पोचवायचा. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला तसा गूळही वाढला आणि रस्त्यावर लॉऱ्या दिसू लागल्या. आपण मागे पडणार हे तात्यांनी सगळ्यांच्या आधी ओळखलं. त्यांनी गाड्या विकल्या, बैलं विकली आणि पुण्याहून नवी कोरी लॉरी आणली. मी बारामतीत एका ड्रायव्हरच्या हाताखाली शिकलो होतो, म्हणून चाक माझ्या हाती आलं. बाकीचा सगळा कारभार तात्यांचा. दावणीला आता एकही जनावर नव्हतं. लॉरी चालली तर घर चालणार, नाहीतर नाही.

लॉरी ताब्यात देताना कंपनीच्या माणसाने आम्हाला नीट समजावलं होतं. नव्या इंजिनात लोखंड लोखंडावर घासून बसतं, त्याचा चुरा तेलात उतरतो, म्हणून पहिलं तेल लवकर काढून टाका. पुढेही तेल काळं पडलं की बदला. उन्हाळ्यात दाट घाला, थंडीत पातळ. तात्यांनी मान डोलावली आणि फाटकाबाहेर येताच थुंकून म्हणाले, "तेल इकायचा धंदा हाय त्येचा. त्यो बदला म्हननारच."

तेल निवडण्याचा सोहळा बारामतीच्या दुकानात झाला. तात्यांनी दुकानदाराला एकेक डबा फोडायला लावला. प्रत्येक तेलाचा थेंब चिमटीत धरायचे, बोटं फाकवायचे आणि तार किती लांब निघते ते बघायचे. "ह्ये पानी हाय. मरत्या मानसाच्या तोंडात घालाया बरं," असं म्हणून पातळ तेल त्यांनी दुकानदाराच्याच गादीला पुसलं. शेवटी सगळ्यांत दाट तेल पसंत पडलं. पुढे थंडी आली आणि सकाळी ते तेल असं घट्ट होऊन बसे की माझ्याच्याने इंजिन सुरू करायचं हँडल फिरेना. मग काकींच्या चुलीतले निखारे शेगडीत घालून ती इंजिनाखाली ठेवायची. भाकरीला उशीर झाला की तात्या काकींवर ओरडत.

पण खरं भांडण काळ्या तेलावरून झालं. आमच्याकडे वंगण करायचं म्हणजे गवत जाळून त्याची काळी राख एरंडेलात खलायची आणि ते मुरवत ठेवायचं. जितकं काळं, तितकं उत्तम. लाकडी चाकाच्या आसाला ते खरंच मानवतं. तात्यांचं उभं आयुष्य त्या वंगणात गेलेलं. इंजिनातली तेल बघायची सळई काढून बघितली आणि तिला काळं तेल दिसलं, की त्यांचा चेहरा खुलायचा. "आत्ता कुठं पिकलंया तेल. काळं झाल्याबिगर त्येचा कस उतरत न्हाय."

मी म्हणालो, "तात्या, कंपनीवाल्यानं काढून टाकाया सांगितलंया."

"कंपनीवाल्याच्या बापानं कवा बैलं हाकली हुती?" ते म्हणाले, आणि माझ्या कानाखाली वाजवली.

शेवटी मी त्यांना न विचारता बारामतीच्या हुसेन मिस्त्रीकडे तेल बदलून घेतलं. जुनं तेल डब्यात भरून घरी आणलं, कारण दाराच्या चौकटीला वाळवी लागली होती आणि काकींना ते फासायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी तात्यांनी सळई ओढली. तिला स्वच्छ तेल होतं. ते तसेच इंजिनाखाली आडवे झाले, बूच काढून नवं तेल सोडून दिलं, डबा आणला, ते काळं तेल धोतराच्या फडक्यातून गाळलं आणि परत इंजिनात ओतलं. मी म्हणालो, ही गाडी मी चालवणार नाही. "नगं चालवू. मंग भाकरी दुसरीकडं बग," ते म्हणाले. दुसरीकडे भाकरी नव्हती. मी लॉरी चालवली.

उन्हाळ्यात एकदा इंदापूरहून गूळ भरून निघालो. निमगाव सोडल्यावर इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज येऊ लागला. तात्या शेजारी बसले होते. थांबवतो म्हणालो, तर म्हणाले, "हान फुडं. नवं इंजिन बोलतंच." थोडं पुढे गेल्यावर मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि लॉरी जागीच बसली. इंजिन जाम झालं होतं. आमच्या डोळ्यांदेखत गुळाच्या ढेपा उन्हाने पाघळू लागल्या. लोकांची बैलं जुंपून ती लॉरी ओढत बारामतीला नेली.

हुसेन मिस्त्रीने इंजिन खोललं. खाली काकवीसारखा काळा गाळ बसला होता. "तात्या, बगा ह्ये. चुरा हाय समदा लोकंडाचा," तो म्हणाला. लॉऱ्यांच्या अड्ड्यावरचे ड्रायव्हर, हमाल भोवती जमले होते. तात्यांनी तो गाळ चिमटीत घेतला. आयुष्यभर ज्या बोटांनी वंगण पारखलं ती बोटं एकदा फिरली आणि थांबली. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होतो. त्यांनी हात धोतराला पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या कार्ट्यानं पिकलेलं तेल काढून मदीच नवं घातलं. त्येनंच इंजिन नासलं. माजी गाडी ह्येनं मारली." आणि त्या सगळ्यांसमोर मला मारलं. मिस्त्रीने मान खाली घातली.

नव्या इंजिनाला पैसे नव्हते, लॉरी मोडीत गेली. मला घराबाहेर काढलं, त्याचं एवढं वाटलं नाही. पण बारामतीपासून इंदापूरपर्यंत माझं नाव झालं, तेल सोडून देणारा नामा. कुणी मालक चाक हाती देईना. स्टेशनावर गुळाच्या ढेपा वाहून मी दिवस काढले. फार उशिराने बारामतीच्या एका बागवानाला भाजीच्या लॉरीवर ड्रायव्हर मिळेना, तेव्हा त्याने नाइलाजाने मला ठेवलं.

तात्यांचं आता शेवटचं आहे असा काकींचा निरोप आला, म्हणून अंथुर्ण्याला गेलो. ओसरीवर भावकी बसली होती. आत तात्या बाजेवर पडले होते आणि शेजारी फक्त काकी होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "नामा, येकदा म्हन, माजं चुकलं. सुखानं जाऊ दे त्येस्नी."

"न्हाय म्हननार, काकी," मी म्हणालो.

तात्यांनी डोळे उघडले. "नगं म्हनू," ते म्हणाले. "मिस्त्रीनं दावलं तवाच मला कळलं हुतं. माज्याच तेलानं गेली गाडी."

हे वाक्य ऐकायला मी किती तरी वर्षं थांबलो होतो. ऐकल्यावर बरं वाटेल असा माझा समज होता, पण उलट अंगाचा भडका उडाला. मला मारलं ते भर अड्ड्यावर, आणि हे सांगायचं ते असं बंद खोलीत!

"भाईर समदी बसल्यात, तात्या. बलवू का आत? त्येंच्याफुडं म्हना."

त्यांनी दाराकडे पाहिलं. "नगं," म्हणाले, आणि डोळे मिटले. दुपार टळायच्या आत गेले.

ओसरीवर रडारड झाली. भावकीतला एक म्हातारा माझ्या तोंडावर म्हणाला, "गाडी गेल्यापासनं मानूस खचलं. ह्या नाम्यानं खाल्लं त्येला." काकी दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पदर पुढे ओढला आणि रडायला लागल्या. तात्यांचं शेवटचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं.

मी खांदा दिला. दिला नसता तर त्याचाही बोभाटा माझ्याच नावावर झाला असता. स्मशानाच्या वाटेवर मला रडू आलं. त्याचा राग मला अजून येतो.