नव्वद किलो सातशे ग्रॅम

चहाचा कप पुढे केला की तो त्यावर पंजा ठेवायचा. अख्खा कप झाकला जायचा. “नको. वजन हाय.”

उमेळ्याहून वसई रोडकडे सकाळी गेला असाल, तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. मे महिन्यात जाड स्वेटर, आत प्लास्टिक, आणि धाव. रिक्षावाले ओरडायचे, “काय पैलवान, थंडी वाजते काय?” तो न थांबता म्हणायचा, “पैलवान तुजा बाप. मी बॉक्सर हाय.”

व्यावसायिक बॉक्सर, क्रूझरवेट. म्हणजे लढतीच्या आदल्या दिवशी काट्यावर नव्वद किलो सातशे ग्रॅमच्या आत. आपल्याकडे या वजनाचे बॉक्सर मोजके, म्हणून लढतीही मोजक्या. “हलक्यांत मावत नाय, भारींना पुरत नाय,” असं म्हणून तो स्वतःवरच हसायचा. सातिवलीच्या एका भाड्याच्या गाळ्यात बॉक्सिंग शिकवून पोट भरायचा.

तिथेच एका कारखान्याच्या गेटवर मी पत्रकं वाटत होतो. वॉचमनने गठ्ठा हिसकावला. याने येऊन तो वॉचमनच्या हातातून अलगद काढून घेतला, फूल खुडावं तसा. एक पत्रक स्वतःला ठेवलं, उभ्याउभ्याच शेवटपर्यंत वाचलं. “केवढा राग रे! येवढ्याशा कागदावर मावतो कसा?”

मी त्याला ऐकवायचो, “तुझं रक्त सांडतं आणि तिकिटं आयोजक विकतात. ही पिळवणूक आहे.”

“आनि तुजे गेटवरचे कामगार? त्यांचं रगत कोन बघायला पन येत नाय.”

आमचं भांडण कायम इथे येऊन अडायचं.

बऱ्याच वर्षांनी त्याला राष्ट्रीय पट्ट्याची, म्हणजे अजिंक्यपदाची, लढत मिळाली. मुंबईत, पट्टा असलेल्या खुद्द विजेत्याशी. वय पस्तिशीपार गेलेलं, म्हणजे ही पहिली तशीच शेवटची संधी. आठवडाभर अंड्याचा पांढरा भाग आणि काकडी. घरगुती वजनकाटे त्याच्याखाली टिकत नसत, म्हणून वजन करायला निर्मळला जायचा. तिथे त्याचा मामा केळीच्या वखारीत मापाडी होता. निघायच्या सकाळी मामाने काटा वाचला, “नव्वद, पाचशे!” आणि भाच्याच्या पाठीवर थाप मारली. थाप मारून स्वतःचाच हात झटकला.

दुपारी हॉटेलच्या हॉलमध्ये तो अधिकृत काट्यावर चढला. ब्याण्णव.

वजन उतरवायला दोन तासांची मुदत मिळाली. “दांड्याचा कडता,” सोबत आलेला मामा पुटपुटला.

घडाचा दांडा कुणी खात नाही, म्हणून व्यापारी शेतकऱ्याच्या मालात वजन कापतो. तो कडता. दर खेपेला वजाबाकी नको म्हणून शेठने काटाच दीड किलो कमी दाखवेल असा लावून ठेवला होता. मामाला हे ठाऊक होतं. भाच्याला दांडा नसतो, एवढंच त्याच्या ध्यानात आलं नाही.

या कडत्याविरुद्ध मी त्याच वखारीच्या दारात पत्रकं वाटली होती. माझ्या तोंडाशी सगळं आलं. तेवढ्यात याने माझं मनगट धरलं. “मामाला एक शब्द बोलायचा नाय. गाडीचा हीटर लाव.”

हॉटेलच्या मागे, उन्हात, काचा बंद. दोन स्वेटर, त्यावर प्लास्टिक. मी शेजारी. तो बाटलीत थुंकत होता. थोड्या वेळाने थुंकीही येईना.

“झोपू देऊ नको मला. आनि दार उघडायचं नाय. आईची शपथ घे.”

मी घेतली.

“तुजं ते कडत्याचं म्हन.”

मला पाठ होतं. “शेतकरी बांधवांनो, कडता म्हणजे दिवसाढवळ्या चोरी...”

“हसवू नको. हसायला पन पानी लागतं.”

काचेबाहेर मामा उभा. मी म्हणत राहिलो. त्याचे ओठ पांढरे पडले, मान एका बाजूला कलली. मी हाक मारली. पुन्हा मारली. डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

शपथ मला होती, मामाला नव्हती. त्याने दार उघडून भाच्याला काखेत धरून ओढलं. “नाय बसला मापात तर नाय बसला! बहिनीला मी काय तोंड दाखवू?” आणि पाण्याची बाटली त्याच्या डोक्यावर रिकामी केली.

काट्यावर एक्क्याण्णव भरलं. तीनशे ग्रॅम जास्त.

तिकिटं विकली गेली होती, म्हणून लढत होणार होती. फक्त हा जिंकला तरी पट्टा मिळणार नव्हता. मी भडकलो. “लढू नकोस. फुकट वापरतायत तुला!”

तो मिठाचं पाणी पीत होता, घोट घोट. “पट्टा नाय तर नाय. त्याच्यापेक्षा मी बरा हाय का, तेवढं तर मला कळू दे.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या तीन फेऱ्या तो नुसता मार खात होता. भुवई फुटली. मामा खुर्चीखाली बघत बसला होता. चौथीत त्याचे पाय चालायला लागले. सहावीत त्याचा तांबड्या ग्लोव्हमधला डावा हात विजेत्याच्या बरगडीखाली गेला. आवाज आमच्यापर्यंत आला. विजेता गुडघ्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. पंचांनी याचा हात वर केला.

मग पट्टा आणला आणि हरलेल्याच्या कमरेला बांधला.

परत लढत द्या म्हणून आम्ही किती विनवण्या केल्या. विजेत्याच्या बाजूने कुणी फोन उचलला नाही. वर्षभरात त्याने गाळा सोडला आणि आखातात कुठेतरी सुरक्षारक्षक म्हणून गेला. वखारीत कडता अजून चालू आहे. माझी पत्रकंही.

त्या लढतीचा फोटो पेपरात आला होता. पट्टा बांधलेला विजेता, एक डोळा पूर्ण मिटलेला, फोटोसाठी उभा. त्याला स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नव्हतं, हे पेपरात लिहिलेलं नाही. छापताना बाजूचा माणूस कापलाय. विजेत्याच्या काखेखाली, त्याला सावरून धरलेला, एक तांबडा ग्लोव्ह तेवढा राहिलाय.