एक्केचाळीस नंबरची फांदी

"हात धुतले का?"

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या भाऊंचं हे पहिलं वाक्य असायचं आणि शेवटचंही. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी टेबलावरची मोरचुदाची बाटली सहज उचलून पाहिली, तर भाऊ साबणाची वडी घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत त्यांच्या मागे मागे गेले. साहेबांनी हात धुतले. चहा त्यानंतरच आत आला.

प्रयोगशाळा असलेल्या प्रत्येक शाळेत असा एक माणूस असतो, तुम्हीही पाहिला असेल. बाटल्यांवर चिठ्ठ्या तोच लावतो, फुटलेल्या परीक्षानळ्या तोच वेचतो आणि पोरांना शिक्षकांपेक्षा त्याचाच धाक जास्त. सिंदीच्या आमच्या शाळेत तो माणूस म्हणजे भाऊ. मी तिथे विज्ञान शिकवायचे. बावीस वर्षं मी फळ्यावर आम्ल लिहिलं आणि भाऊंनी ते सांभाळलं.

निवृत्त झाल्यावर भाऊंनी अंगणात युफोर्बिया लावले. बोटभर जाडीची काटेरी खोडं, शेंड्याला चार पानं आणि वर जोडीजोडीनं बसलेली फुलं. मी एकदा शहाणपणानं सांगायला गेले की ही खरी फुलं नव्हेत, ती रंगीत पानंच असतात. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, पुस्तकात पान असन. माह्या अंगनात फूल आहे."

वहिनींना हा सगळा प्रकार मान्य नव्हता. "लोकाइच्या दारात मोगरा, आमच्या दारात काटे," त्या मला ऐकवायच्या, म्हणजे भाऊंना ऐकू जाईल अशा आवाजात. "सकायी उठले का पयले त्याईले इचारते, कसे आहा. मले चहा बी नाई इचारत."

या झाडाचं पान तोडलं तरी पांढरा चीक गळतो. हाताला लागला तर फार काही नाही, डोळ्यात गेला तर डोळ्यावर बेततं. म्हणून अंगणातल्या नळाला कांद्याच्या जाळीत साबणाची वडी बांधलेली असायची. पोस्टमन असो की नातेवाईक, झाडं बघून फाटकाकडे निघाला की मागून प्रश्न यायचाच. पोस्टमन तर म्हणे आधीच हात धुऊन पत्र द्यायला लागला होता.

भाऊ कुंडीत आपली काळी माती घालत नसत. "या मातीत कापूस येते, हा सडते," म्हणायचे. मुरूम, विटांचा चुरा आणि चिमूटभर जुनं शेणखत. मग एका फुलाचे पराग बारीक ब्रशनं दुसऱ्या फुलाला लावायचे आणि त्यावर चहाच्या जुन्या गाळणीची जाळी बांधून ठेवायचे, कारण याचं बी पिकलं की फटकन उडून जातं. त्या बियांची रोपं व्हायची आणि प्रत्येक रोपाला शाळेतल्या बाटल्यांसारखी नंबराची चिठ्ठी लागायची. पहिली चाळीस रोपं कोणी लाल, कोणी गुलाबी, आपापल्या आईवर गेलेली निघाली. एक्केचाळिसावं मात्र निराळं निघालं. कापलेल्या कैरीच्या आतल्या रंगाचं फूल आणि कडेला कुंकवाचं बोट लागावं तशी लाल रेघ.

मला बोलवायला भाऊ स्वतः घरी आले होते. "बाई, असं फूल दुनियेत कोनापाशी नाई."

"खरं सांगता?"

त्यांनी जरा विचार केला. "दुनियेचं मले का माहीत. पन सिंदीत नाई."

त्या रोपाला तेव्हा दोनच फांद्या होत्या. "तिसरी येऊ द्या," भाऊ म्हणाले, "मंग पयली फांदी तुमाले."

माझ्याकडे याआधी त्यांनी दिलेल्या दोन फांद्या कुजून गेल्या होत्या. त्यांनी बजावून सांगितलं होतं की चीक धुवा, फांदी आठ दिवस सावलीत नुसती पडू द्या, मगच लावा, आणि पाणी अगदी बेतानं. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात दारात आलेल्याला आपण आधी पाण्याचा तांब्या देतो आणि मग काम विचारतो. मी फांदीलाही तसंच वागवलं. आणली त्याच दिवशी लावली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. दोन्ही वेळा ती खालून मऊ पडली.

"बाई, तो पावना नाई," भाऊ कळवळून म्हणाले होते. "त्याले जरा तहानलं राहू द्या."

वडनेरच्या माझ्या मोठ्या बहिणीचं निदान वेगळं होतं. तिचं अंगण बारा महिने फुललेलं असतं. ती म्हणाली, "मांगून आनलेलं लागत नसते बाई. चोरून आन, मंग पाह्यजो कसं जोर धरते." मी हसले. अंधश्रद्धेवरचा धडा मी दरवर्षी शिकवत होते. पण हसून झाल्यावर ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

त्या माघात माझी मुलगी नागपूरहून चार वर्षांच्या चिऊला घेऊन आली होती. एका दुपारी चिऊचं बोट धरून मी भाऊंकडे गेले. वहिनींनी तिला मुरमुऱ्याचा लाडू दिला आणि ती पायरीवर बसून तो खाऊ लागली. भाऊ मला नवं बी दाखवायला म्हणून डबी आणायला आत गेले. एक्केचाळीस नंबर माझ्या समोर होता. मी वाकले आणि दोनपैकी एक फांदी मोडून घेतली. काटे टोचले, चिकाची धार मनगटापर्यंत आली. मी फांदी पदराच्या टोकात गुंडाळली आणि मूठ मिटली.

पावसाळ्यात तिसरी फांदी फुटली की जे आपोआप मला मिळणार होतं, ते मी चोरलं. ती फांदी माझ्याकडे लागावी, आणि भाऊंनी एकदा येऊन "वा बाई" म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

भाऊ डबी घेऊन आले. बी बघून झालं. आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा ते म्हणाले, "हात धुतले का?"

नळ दोन पावलांवर होता. पण हात धुवायचे तर मूठ उघडावी लागली असती.

"हो, धुतले," मी म्हणाले.

"आन् हिचे?"

"हिनं कशाला हातच लावला नाही."

जिनिंगच्या रस्त्यावर कापसाची गाडी धूळ उडवत गेली. चिऊच्या डोळ्यात काहीतरी गेलं आणि ती रडायला लागली. मी तिला कडेवर घेतलं, मूठ उघडून फांदी त्या हातात धरली आणि पदराच्या त्याच टोकानं तिचा डोळा पुसला. चिकाची मला आठवणच राहिली नाही. घरी पोचेपर्यंत ती अशी किंचाळू लागली की शेजारच्या बाया बाहेर आल्या. पापणी सुजली, डोळा उघडेना. तिच्या डोळ्यावर पाण्याची धार धरूनच आम्ही वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

"काय गेलं डोळ्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

"युफोर्बियाचा चीक."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "त्या भाऊंकडचा?"

मी मान हलवली. मान हलवणं खोटं नव्हतं, म्हणूनच मला ते जमलं.

डोळा वाचला. चार दिवस थेंब घालावे लागले, पण दुसऱ्याच दिवशी सूज उतरायला लागली. त्या दुसऱ्या दिवशी माझी मुलगी भाऊंच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तोंडाला येईल ते बोलली. लहान मुलं येतात-जातात त्या घरात विषारी झाडं कशी ठेवता, उद्या तिचा डोळा गेला असता तर काय केलं असतं, असं सगळं. मी मागे उभी होते. तिचा हात धरून "चल आता" एवढंच म्हणत होते.

भाऊंनी हात जोडले. "माही चुकी झाली ताई. बाई म्हनल्या हिनं हात नाई लावला. तरी बी धुवा म्हनलं पाह्यजे होतं म्या."

तिसऱ्या दिवशी वहिनी धापा टाकत आमच्याकडे आल्या. काट्यांवरून नवऱ्याला एवढी वर्षं बोलणाऱ्या वहिनींचे डोळे भरलेले होते. "बाई, तुमी तरी सांगा ना त्याईले. कालपासून कापूनच राह्यले. जेवले बी नाई."

मी गेले. भाऊंनी शाळेतले जुने रबरी हातमोजे घातले होते. घरामागे खड्डा खणून त्यात सगळी झाडं टाकली होती. धुतलेल्या कुंड्या भिंतीशी ओळीनं पालथ्या घातल्या होत्या आणि नंबरांच्या चिठ्ठ्या एका डब्यात काढून ठेवल्या होत्या. सारं अंगण चिकाच्या वासानं भरलं होतं.

"राहू द्या भाऊ," मी म्हणाले. "एवढं कशाला?"

"एका लेकराचा डोया वाचला बाई. दुसऱ्याचा नाई वाचला तं?"

एका वाक्याचं काम होतं. खड्डा अजून उघडा होता, वरच्या फांद्या हिरव्यागार होत्या, त्यांतून कितीतरी झाडं परत लावता आली असती. मी ते वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं.

तेवढ्यात भाऊच म्हणाले, "एक्केचाळीसची एक फांदी मोडेल दिसली. पोरीनंच मोडली असन, तवाच चीक लागला. लेकराले का समजते? तिले रागावू नोका बाई."

"नाही रागावणार," मी म्हणाले.

त्या दुपारी मी खोटं बोलले ते घाईत बोलले. हे मात्र मी शांतपणे, त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले.

चोरलेली फांदी मी त्या गडबडीत न्हाणीघराच्या खिडकीत टाकली होती. आठ-दहा दिवसांनी ती मला तिथेच सापडली, सावलीत छान सुकलेली, मोडलेली जागा खपली धरलेली. भाऊ सांगत असत तस्संच झालं होतं. मी ती मुरमात लावली. पाणी घालायची माझी हिंमत झाली नाही. ती लागली. दिवाळीत तिला कैरीच्या रंगाचं फूल आलं आणि मी कुंडी उचलून गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवली.

त्यानंतर भाऊंनी काहीच लावलं नाही. नळावरची साबणाची वडी झिजून संपली आणि जाळी तशीच लटकत राहिली. रस्त्यात भेटले की आता ते हातांचं विचारत नसत. विचारायचे, "पोरीचा डोया कसा आहे?" बरा आहे म्हटलं की मान हलवून पुढे जायचे. प्रत्येक वेळी मी ठरवायचे की आज सांगायचं. लोक काय म्हणतील याची भीती नव्हती मला. ज्या माणसानं जन्मभर सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, त्याला मी त्याच प्रश्नाचं खोटं उत्तर दिलं, हे त्याच्या तोंडावर सांगायची मला लाज वाटत होती.

वहिनींचे गुडघे गेले तेव्हा दोघं अमरावतीला मुलीकडे कायमचे जायला निघाले. निरोप घ्यायला भाऊ एकटेच आले. पाणी प्याले, जरा बसले.

"बाई, एक गोष्ट मनातून जात नाई. एक्केचाळीस ठेवाले पाह्यजे होता का म्या? कोनाले एखादी फांदी देल्ली असती, तं कुठी तरी असता."

कुंडी आमच्या डोक्याच्या अगदी वर, गच्चीवर होती. पंधरा पायऱ्या चढल्या असत्या तर भाऊंना दिसली असती. तिला तेव्हा पाच फांद्या होत्या.

"चहा टाकते," मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

भाऊंनी चहा घेतला, बशी धुऊन ठेवली आणि गेले.

गेल्या वर्षी वहिनींचा फोन आला. भाऊ झोपेतच गेले होते. "जाच्या दोन दिवस आंधी म्हने, बाईले फोन लाव, पोरीचा डोया इचार. म्या म्हनलं, कितीक डाव इचारसान? म्हनून राह्यलं पाहा इचाराचं. बरा आहे ना बाई?"

"बरा आहे वहिनी. चष्मासुद्धा लागला नाही."

"हे सांगतलं असतं त्याईले, तं बरं वाटलं असतं."

मी फोन ठेवला. वहिनींनाही मी सांगितलं नाही.

आता माझ्या गच्चीवर त्या एका फांदीच्या अकरा कुंड्या झाल्या आहेत. आता त्या टाकीमागे नसतात, सरळ कठड्यावर असतात. मागेल त्याला मी फांदी देते, वर्तमानपत्रात गुंडाळून, आठ दिवस लावू नका म्हणून बजावून. नळाला कांद्याच्या जाळीत साबण बांधला आहे. फुलाचं नाव विचारलं तर एक्केचाळीस म्हणून सांगते. लोकांना वाटतं, असेल काही जात.

चिऊ यंदा सातवीत गेली. दिवाळीत आली तेव्हा तिलाही एक फांदी हवी होती. तिची तिलाच कापू दिली. तिला त्या दिवसाचं काही आठवत नाही, फक्त आईकडून ऐकलेलं ठाऊक आहे, की लहानपणी तिनं एका आजोबांच्या घरी झाड मोडलं होतं. निघताना मी तिला जिन्याशी अडवलं.

"हात धुतले का?"

"हो आजी."

"दाखव."

ती हसली आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. ओले होते, साबणाचा वास येत होता.

भाऊंनी कधी कोणाला हात दाखवायला सांगितले नाहीत. ते विचारायचे, आणि आपण सांगू ते खरं मानायचे.